आकडा तेराचा, पिच पंधराचा

बोट सोळा फुटी, फायबरची. मागे ६० अश्वशक्तीचं आउटबोर्ड इंजिन. तक्रार अशी की खडकाला लागून जुना प्रोपेलर मोडला, त्याच मापाचा वापरलेला दुसरा मिळाला म्हणून बसवला, आणि तेव्हापासून बोट पाण्यावर नीट उचलतच नाही. आमच्याकडे येईपर्यंत इंधनाचा फिल्टर आणि स्पार्क प्लग बदलून झाले होते. मालकांना आता जास्त पिचचा, स्टेनलेसचा पंखा हवा होता. पिच म्हणजे पाण्यात अजिबात न घसरता प्रोपेलर एका फेऱ्यात जितका पुढे गेला असता ते अंतर, इंचांत. पिच वाढवला की वेग वाढेल, असा त्यांचा हिशोब.

नवा प्रोपेलर मागायला कुणीही आलं, की मी आधी एकच गोष्ट विचारतो: नेहमीचं वजन भरून, पूर्ण थ्रॉटलला इंजिन किती आरपीएम (मिनिटाला फेरे) घेतं? प्रत्येक इंजिनाच्या पुस्तिकेत पूर्ण थ्रॉटलची आरपीएम मर्यादा दिलेली असते. या इंजिनाची होती ५००० ते ६०००. प्रोपेलर योग्य असेल तर भरलेली बोट या पट्ट्याच्या वरच्या अर्ध्या भागात पोचते. त्याखाली राहिली तर पिच जास्त आहे, वर जाऊन लिमिटरला (फेरे मर्यादेपुढे जाऊ न देणाऱ्या यंत्रणेला) धडकू लागली तर कमी. वेगाचा विचार त्यानंतर.

चार माणसं, भरलेली टाकी आणि रोजचं सामान घेऊन बोट पाण्यात नेली. वारा-प्रवाहाचा फरक निघून जावा म्हणून एकाच पट्ट्यात जाऊन-येऊन जीपीएसवर वेग घेतला. सरासरी ताशी ४३ किलोमीटर, इंजिन ४९०० वर अडकलेलं, आणि बोटीचं नाक बराच वेळ वरच.

आरपीएम कमी दिसला म्हणून लगेच पंख्यावर बोट ठेवू नये. टॅकोमीटरच्या (आरपीएम दाखवणाऱ्या मीटरच्या) मागच्या सिलेक्टरवर इंजिनाच्या अल्टरनेटरच्या चुंबकीय पोलची संख्या चुकीची लावलेली असेल तर काटा सरळ खोटं सांगतो. तो तपासला, बरोबर होता. लिव्हर पूर्ण पुढे ढकलल्यावर इंजिनावरची थ्रॉटलची कडी शेवटच्या टेकूपर्यंत जाते का, हे कव्हर काढून डोळ्यांनी पाहिलं, कारण ताणलेली केबल अगदी हीच लक्षणं दाखवते. बोटीच्या तळात पाणी साचलेलं नव्हतं, बुडाला शेवाळ नव्हतं. इंजिनाची उंचीही ठीक होती: प्रोपेलरच्या वरची आडवी प्लेट बोटीच्या बुडाच्या पातळीत.

हबचं, म्हणजे पंख्याच्या मधल्या नळकांड्यातलं, रबर घसरत असेल, अशीही शंका मालकांनी काढली. पण रबर घसरलं तर आरपीएम वाढतो आणि वेग पडतो. इथे दोन्ही खाली होते. तरी खात्री करून घ्यायला पैसे लागत नाहीत. आतल्या पितळी बुशवरून बाहेरच्या हबवर मार्करने एक सरळ रेघ ओढायची आणि बोट जोरात पळवून आणायची. रेघ तुटली तर रबर गेलं. आमची रेघ अखंड राहिली.

मग गणित. आरपीएमला पिचच्या इंचांनी गुणायचं, गिअरच्या गुणोत्तराने भागायचं आणि ०.००१५२४ ने गुणायचं, की घसर अजिबात नसताना ताशी किती किलोमीटर मिळाले असते ते कळतं. गिअर १.८५ चा. पिच १३ धरला तर ५२.५ येतात, प्रत्यक्षात ४३, म्हणजे घसर (या दोन वेगांतली तूट) १८ टक्के. अशा बोटीला १० ते २० टक्के घसर चालते. म्हणजे कागदावर सगळं आलबेल, आणि तेच मला खटकलं. घसर एवढी कमी असताना बोट नाक वर धरून ओढत जाणार नाही. चार आकड्यांतला एकच मी स्वतः मोजलेला नव्हता: पिच.

पंखा उतरवला. हबवरचे आकडे अर्धे घासलेले, ११ १/८ आणि १३ कसेबसे वाचता येत होते. व्यास मोजणं सोपं: शाफ्टच्या मध्यापासून पात्याच्या टोकापर्यंतचं अंतर, दुप्पट. तो जुळला. पिचसाठी पंखा सपाट टेबलावर, पात्यांची मागची बाजू वर येईल असा हबवर उभा ठेवला. मध्यापासून १०० मिलिमीटरवर, म्हणजे त्रिज्येच्या साधारण ७० टक्क्यांवर, प्रत्येक पात्यावर कंस आखला आणि त्यावर ४० अंशांच्या अंतराने दोन खुणा केल्या. मागच्या कडेचा वळवलेला काठ या मोजणीत धरायचा नाही, नाहीतर पिच फुगतो. दोन्ही खुणांची टेबलापासूनची उंची घेतली. फरक आला ४२, ४३ आणि पुन्हा ४२ मिलिमीटर. ४० अंशांत ४२, तर ३६० अंशांत नऊपट: ३७८ मिलिमीटर, म्हणजे जवळजवळ १५ इंच.

तिन्ही पाती सारखी होती, त्यामुळे हे आपटून वाकलेलं नव्हतं. आधीच्या कुणीतरी दुरुस्तीच्या दुकानात पाती पिळवून पिच वाढवून घेतला असणार. हबवरचा आकडा मात्र कुणी बदलत नाही. वापरलेला प्रोपेलर घेताना हबवरच्या आकड्यावर विसंबू नये, असं मी प्रत्येकाला सांगतो. टेबल, पट्टी आणि कोनमापक एवढ्यात काम होतं.

पिच १५ धरून गणित पुन्हा केलं: घसर नसताना ६०.५, प्रत्यक्षात ४३. घसर २९ टक्के. आता पाण्यात जे दिसत होतं आणि कागदावर जे येत होतं ते जुळलं. चढावर टॉप गिअरमध्ये गाडी रेटावी तसं हे इंजिन चाललं होतं. असं रोज चाललं तर सिलिंडरमध्ये दाब आणि उष्णता वाढते, कार्बन धरतो, आणि शेवटी पिस्टनवर येतं.

एक इंच पिच उतरवला की साधारण १५० ते २०० आरपीएम वाढतात. मला भरल्या वजनाला ५५०० च्या आसपास हवे होते, म्हणजे सहाशे जास्त, म्हणजे तीन इंच कमी. निवड ठरली: तीन पात्यांचा, ११ ३/८ × १२. पिच उतरला की व्यास किंचित वाढतो, ते बरंच. वजन उचलायला पाण्यावर पकड जास्त मिळते. चार पात्यांचा घेतला असता तर बोट आणखी लवकर उचलली असती, पण थोडे आरपीएम त्याने खाल्ले असते.

स्टेनलेसला मी नको म्हटलं. त्याची पाती पातळ आणि ताठ असतात, वेगात थोडा फायदा होतो, हे खरं. पण ही बोट खडकाळ उथळ पाण्यात फिरते. ॲल्युमिनियमचं पातं वाकतं, तुटतं आणि धक्का बराचसा स्वतःवर घेतं. स्टेनलेस तोच धक्का शाफ्ट आणि गिअरपर्यंत नेतं. खरेदीआधी शाफ्टचे दाते मोजून घेतले, कारण व्यास-पिच जुळूनही दाते जुळले नाहीत तर पंखा चढतच नाही.

जुना पंखा निघाला तेव्हा थ्रस्ट वॉशरच्या मागे मासेमारीचा नायलॉन दोरा गुंडाळलेला सापडला. हा दोरा शाफ्टचं सील कापतो आणि गिअर ऑइलमध्ये पाणी शिरतं. खालचा स्क्रू सैल करून थोडं तेल पाहिलं. दुधाळ नव्हतं, सील वाचलं होतं. बसवताना किल्ली काढलेली, इंजिन न्यूट्रलमध्ये. दात्यांवर मरीन ग्रीस, थ्रस्ट वॉशरची निमुळती बाजू शाफ्टच्या निमुळत्या भागाकडे, मग पंखा, स्पेसर, वॉशर, नट. पातं आणि प्लेट यांच्यात लाकडाचा ठोकळा अडकवून नट पुस्तिकेतल्या टॉर्कला आवळला. कॉटर पिनचं भोक जुळलं नाही तर नट थोडा पुढे न्यायचा, मागे सोडायचा नाही. पिन नवी.

तेच चार जण, तीच टाकी, तोच पट्टा. इंजिन ५५५० वर गेलं, बोट लगेच सपाट झाली, वेग ताशी ४६, घसर १६ टक्के. पिच तीन इंच कमी करून वेग तीन किलोमीटरने वाढला, हे मालकांनी जीपीएसवर स्वतः वाचलं. परत आल्यावर नट आणि पिन पुन्हा तपासली. उतरवलेल्या पंख्याच्या हबवर पंचने ठळक १५ ठोकून दिला.