वर्गात किती मुलं असतात हो, मॅडम?

लग्नाच्या पंगतीत, कोर्टाच्या कँटीनमध्ये, सीबीएसच्या बसस्टॉपवर, कुणी ना कुणी विचारतंच. मुलगी बारावीला असते, नाहीतर मुलगा बी.कॉम. होऊन घरी बसलेला असतो. "लॉला टाकू म्हणतोय. वर्गात किती मुलं असतात हो, मॅडम?" मग जरा जवळ सरकून, "शिकवतात ना? की नुसतं नाव घालायचं आणि परीक्षेला जायचं?"

मी नाशिकच्या जिल्हा न्यायालयात वकिली करते आणि सकाळी एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवते. वकिली करणाऱ्याला दिवसाला तीन तासांपर्यंत कायदा शिकवायची मुभा आहे, तिच्यात माझं सगळं बसतं. गेल्या महिन्यात सिन्नरच्या एका काकांनी हाच प्रश्न इतका नेटाने विचारला, की म्हटलं एकदा नीट लिहूनच काढावं.

कागदावरचं उत्तर एका ओळीचं आहे. वकिलांची आणि कायदाशिक्षणाची नियामक संस्था असलेल्या बार कौन्सिलच्या २००८ च्या नियमांप्रमाणे एका तुकडीत ६० पेक्षा जास्त विद्यार्थी घेता येत नाहीत. आठवड्याला ३० तास वर्ग, प्रत्येक विषयात ७० टक्के हजेरी. बारावीनंतर पाच वर्षं, पदवीनंतर तीन. झालं.

आता वर्गात या. सीईटीच्या, म्हणजे प्रवेश परीक्षेच्या, प्रवेशफेऱ्या लांबल्या की पहिल्या वर्षाची बाकं कितीतरी दिवस अर्धी रिकामीच. भरतात तेव्हा बसायला जागा नसते. मग द्राक्षबागांची गोडी छाटणी, म्हणजे फळासाठीची छाटणी, लागते आणि निफाड-दिंडोरीकडची पोरं गळायला लागतात. द्राक्षांचा खुडा सुरू झाला की उरलेलीही. परीक्षेचे फॉर्म भरायच्या आठवड्यात वर्ग पुन्हा तुडुंब, आणि सगळ्यांच्या आजीला नेमकं त्याच सत्रात बरं नसतं. पाच वर्षांच्या कोर्सची मुलं त्या मानाने नियमित, घरून हाकलली जातात म्हणून. तीन वर्षांच्या वर्गात मात्र बँकेतले, शाळामास्तर, नोटांच्या प्रेसमधून निवृत्त झालेले नाशिकरोडचे आजोबा, दोन लेकरांची आई असा सगळा बाजार असतो. मला हाच वर्ग जास्त आवडतो.

कारण सांगते. करार कायदा १८७२ चा. कोणता व्यवहार करार ठरतो ते सांगणारं कलम १० शिकवताना पुस्तकातली उदाहरणं ऐकून अर्धा वर्ग पेंगतो. एकदा निफाडच्या एका मुलाने हात वर केला. व्यापारी बांधावर आला, तोंडी भाव ठरला, माल भरून गेला, आता फोन बंद. "मॅडम, हा करार का?" त्यानंतरची चाळीस मिनिटं मला फळ्याकडे वळावं लागलं नाही. तोंडी करारही करारच, भांडण पुराव्याचं. गाडीचा नंबर, वजनाची चिठ्ठी, व्हॉट्सॲपवरचा भाव. मग दुसरा म्हणाला, चारशेवीस टाकू. तर नुसते पैसे बुडवले म्हणून फसवणूक होत नाही, सौदा करतानाच मनात लबाडी होती हे दाखवावं लागतं. आणि चारशेवीस १ जुलै २०२४ पासून राहिलंही नाही, भारतीय न्याय संहितेत ते आता कलम ३१८. दिवाणी दावा लावायचा तर तीन वर्षांच्या आत. प्रेसवाल्या आजोबांनी हे सगळं वहीत उतरवून घेतलं. त्यांच्या जावयाचे पैसे अडकले होते, हे मागाहून कळलं.

त्या दिवशी वर्गात सत्तरएक जण होते, बाजूच्या तुकडीतलेही येऊन बसले होते. काही बिघडलं नाही. राज्यघटनेच्या अनुच्छेद २५ चंही तसंच. १९३० मध्ये बाबासाहेबांनी ज्या काळाराम मंदिरासाठी सत्याग्रह केला ते इथे पंचवटीत. सार्वजनिक स्वरूपाची हिंदू मंदिरं हिंदूंच्या सर्व वर्गांना खुली करणारा कायदा सरकार करू शकतं, असं तो अनुच्छेद म्हणतो. हे साठांना सांगा की दोनशेंना, ऐकणारे ऐकतात. व्याख्यानाला गर्दीचं वावडं नसतं. म्हणून 'किती मुलं' याची काळजी लोक चुकीच्या जागी करतात असं मला वाटतं.

गर्दी नडते ती मूट कोर्टला. मूट म्हणजे लुटुपुटूचा खटला: काल्पनिक प्रकरण देतात, मुलं दोन्ही बाजूंनी लेखी म्हणणं तयार करतात आणि न्यायाधीश म्हणून बसलेल्यासमोर उभं राहून युक्तिवाद करतात. नियमाप्रमाणे प्रत्येकाने असे तीन करायचे, दहा-दहा गुणांचे, त्यातले पाच लेखी आणि पाच तोंडी. आता हिशेब मांडा. ६० मुलं, एका बाजूला दोघं, म्हणजे एका सामन्यात चौघं, म्हणजे १५ सामने. मधले प्रश्न, अडखळणं धरून एका सामन्याला तास लागतो. तीन फेऱ्यांचे ४५ तास. आठवड्याचे एकूण तासच ३०! तेव्हा बहुतेक ठिकाणी काय होतं ते तुम्हीच ओळखा. माझ्या वेळी आमच्या अख्ख्या वर्गाचा मूट एका दुपारी उरकला होता. मी "मे इट प्लीज युवर लॉर्डशिप" म्हणाले, दोन वाक्यं झाली, आणि सर म्हणाले, "नेक्स्ट."

मसुदालेखनाचंही तेच. दावा, कैफियत, नोटीस, शपथपत्र लिहायला शिकवायचं तर लिहिलेलं तपासून परत द्यायला हवं. एक दावा तपासायला मला दहा मिनिटं लागतात, साठांचे दहा तास, आणि मानधन फक्त वर्गातल्या तासांचं. दर वर्षी निम्म्या पोरांचा 'दाव्यास कारण', म्हणजे दावा कशामुळे आणि कधी उद्भवला, हा परिच्छेदच राहून जातो. ज्याचा राहिला त्याला समोर बसवून दाखवलं तर पुन्हा चुकत नाही. फळ्यावर लिहून दाखवलं तर हमखास चुकतो.

भाषेचं एक सांगायचं राहिलं. वर्ग इंग्रजीत चालतो, निदान सुरुवात तरी. पण खालच्या कोर्टात साक्षीदार मराठीत बोलतो, उलटतपास मराठीत होतो. खटले पाहून टिपणं काढायची असतात, त्यासाठी मुलांना कोर्टात नेते, एका वेळी आठ-दहाच, नाहीतर बेलीफ डोळे वटारतो. इंग्रजी फाडफाड बोलणारी मुलगी तिथे 'सरतपास' (आपल्याच साक्षीदाराला आधी विचारायचे प्रश्न) ऐकून माझ्याकडे बघते आणि निफाडचा पोरगा तिला कानात सांगतो.

म्हणून सिन्नरच्या काकांना मी म्हटलं, किती मुलं ते विचारूच नका. मागच्या वर्षी एकेकाला मूटमध्ये किती मिनिटं उभं राहायला मिळालं ते विचारा. ऑफिसात नको, जिन्यात बसलेल्या मुलांना विचारा.

काका आठवड्याने कोर्टात आले. दोन कॉलेजं पालथी घातली होती, वहीत आकडे होते. मला वाटलं, आभार मानायला आले. त्यांनी चष्मा वर केला आणि विचारलं, "आणि मॅडम, तुमच्या वर्गात किती मिनिटं?"

मी मनात भागाकार केला. "नऊ," म्हटलं. त्यांनी तेही लिहून घेतलं.