भुऱ्या, महिना चौथा: खाऊ, कॅल्शियम आणि सांधे

मंडळी, आधी वजन. भुऱ्या (लॅब्राडोर, फिकट पिवळा) चार महिन्यांचा झाला आणि १४ किलो भरला. त्याला उचलून काट्यावर उभं राहायचं आणि मग आपलं वजन वजा करायचं, एवढंच तंत्र. कसरत वाढत चालली आहे.

सध्या भेटेल तो एकच विचारतो, "लॅब आहे ना भाऊ, मग कॅल्शियमचं सिरप सुरू केलं की नाही?" दुकानदार विचारतो, फुटाळा तलावावर फिरायला येणारे काका विचारतात, समोरच्या वहिनी विचारतात. नाही केलं, आणि करणारही नाही. सहा महिन्यांच्या आतल्या पिल्लाला मोठ्या कुत्र्यासारखं जादा कॅल्शियम आतड्यातच अडवता येत नाही. जितकं पोटात जाईल त्यातलं बरंच अंगात शिरतं आणि मोठ्या जातींमध्ये हाडांची, सांध्यांची वाढ बिघडते. म्हणून खाद्य घेताना पिशवीवर ‘मोठ्या जातीच्या पिल्लांसाठी’ आहे का ते बघायचं. अमेरिकेच्या आफ्को (पशुखाद्याचे निकष ठरवणारी संघटना) मानकात अशा खाद्यातल्या कॅल्शियमची कमाल मर्यादा कोरड्या वजनाच्या, म्हणजे पाण्याचा अंश वगळून, १.८ टक्के आहे. ते खाद्य चालू असताना वरून सिरप म्हणजे मोजूनमापून केलेल्या हिशोबावर पाणी.

पिल्लू नुसत्या दूध-पोळीवर किंवा चिकन-भातावर असेल तर गोष्ट उलटी. तिथे कॅल्शियम खरंच कमी पडतं, हाडं वाकू शकतात. पण तेव्हाही किती द्यायचं ते डॉक्टरांनी आहार बघून ठरवायचं, बाटलीच्या झाकणानं नाही.

आता सांध्यांसाठी म्हणून विकतात त्या ग्लुकोसामाइन-कॉन्ड्रॉइटिनच्या गोळ्या. त्यांच्यावरचा अभ्यास मुख्यतः संधिवात झालेल्या मोठ्या कुत्र्यांवरचा, आणि तिथेही निकाल कधी बरे, कधी काहीच नाही. ओमेगा-३ चा (माशाच्या तेलात असतं ते मेद) पुरावा त्या मानानं भक्कम, तोही दुखऱ्या सांध्यांसाठी. निरोगी पिल्लाला या गोळ्या दिल्या म्हणून हिप डिस्प्लेसिया (खुब्याचा सांधा नीट न बसणं) टळतो, असं कुठे सिद्ध झालेलं नाही. फिश ऑइल देणारच असाल तर कॉड लिव्हर ऑइल उचलू नका. त्यात अ आणि ड जीवनसत्त्व असतं, आणि ही दोन्ही शरीरात साठून राहतात.

सांध्यांसाठी सगळ्यात खात्रीचा उपाय कुठल्याच बाटलीत नाही: पिल्लू सडपातळ ठेवा. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेला लॅब्राडोरवरचा अभ्यास आहे. ४८ पिल्लांच्या जोड्या लावल्या आणि जोडीतल्या एकाला दुसऱ्यापेक्षा २५ टक्के कमी खायला दिलं, तेही जन्मभर. कमी खाणारे सरासरी पावणेदोन वर्षांहून जास्त जगले, आणि त्यांचा संधिवातही उशिरा आला. मी दर रविवारी भुऱ्याच्या बरगड्यांवरून हात फिरवतो. आपली मूठ वळून सांध्यांवर बोट फिरवलं तसं लागलं तर हाडं फारच वर आलीत. पालथ्या पंजावर फिरवल्यासारखं लागलं की ठीक.

म्हणून खाऊचाही हिशोब. या वयाला, या वजनाला दिवसाकाठी साधारण १००० कॅलरी लागतात. खाऊ त्यातला दहा टक्के, म्हणजे १००. आमच्या आईचं आवडतं ग्लुकोज बिस्किट साधारण २५ चं. "चारच तर दिले रे!" म्हणजे दिवसाचा कोटा खलास, आणि शिकवायला हाती काही उरत नाही. त्यापेक्षा बिनमिठाचं उकडलेलं चिकन ६० ग्रॅम बसतं. वाटाण्याएवढे तुकडे केले की ‘बस’, ‘थांब’, ‘ये’ सगळं त्यात निघतं. गाजर तर कॅलरीच्या हिशोबात जवळपास फुकटच.

उन्हाळ्याचा एक प्रयोग जमला. रताळी वाफवून, लांब काप करून, मलमलीखाली गच्चीवर टाकली. आपलं ऊन कुरड्या सोडत नाही, रताळं कसं सोडेल! काप वाकेल पण तुटणार नाही, इतपतच वाळवायचा. फार कडक झाला तर दुधाच्या दातांना नको. कुठल्याही चघळण्याला माझी कसोटी एकच: अंगठ्याचं नख रुतलं पाहिजे. म्हणून याकच्या दुधाचे दगडासारखे चीजबार सध्या बाद. दुपारी बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवलेलं साधं दही, किंवा बिया-साल काढलेलं टरबूज.

घरी सगळ्यांना बजावलंय: द्राक्षं आणि मनुका अजिबात नाही, म्हणजे शिराही नाही. त्यानं किडनी जाऊ शकते. चॉकलेट नाही. कांदा-लसूण नाही, म्हणून तर्री-पोह्यांची बशी खाली ठेवायची नाही. सावजीतलं हाड तर मसाल्यामुळेही नाही आणि शिजल्यावर त्याच्या अणकुचीदार चिरफळ्या होतात म्हणूनही नाही. शुगर-फ्री च्युइंगमही पर्समध्येच राहू द्या, त्यातलं झायलिटॉल कुत्र्याची साखर धाडकन खाली आणतं. संत्र्याची एखादी फोड, बी काढून, चालते. भुऱ्यानं ती हुंगली आणि सोफ्याखाली सरकवली. नागपूरचा म्हणवतो!

राहिली फरशी. हॉलच्या गुळगुळीत टाइल्सवर त्याचे मागचे पाय फाकतात, म्हणून दारापासून पाण्याच्या भांड्यापर्यंत जुन्या सतरंज्या टाकल्यात, खाली रबराची जाळी. जिन्यावरून अजून उचलूनच नेतो. १४ किलोपर्यंत जमतंय. कुणी मोठ्या पिल्लाला जिना चढता-उतरता यावा म्हणून घरच्या घरी उतार बनवला असेल तर लांबी-उंची कळवा. आमच्या जिन्याला सहाच पायऱ्या आहेत.