दीड पौंडाची वाफ

न्यूयॉर्कच्या जुन्या घरांत हिवाळा आधी कानांना कळतो. एखाद्या पहाटे कोपऱ्यातला, वाफेवर खोली तापवणारा बिडाचा रेडिएटर फुस्स करतो आणि पाठोपाठ नळावर कुणी हातोडा हाणल्यासारखे ठोके पडू लागतात. पाहुणे दचकून उठून बसतात. घरचे कूस बदलतात.

त्यातलं फुस्स करणं रास्तच. क्वीन्समधलं आमचं घर 1920च्या दशकातलं. तळघरात बॉयलर आणि प्रत्येक रेडिएटरला एकच नळ. त्यातूनच वाफ वर चढते आणि तिचं पाणी झालं की त्यातूनच खाली उतरते. पंपबिंप काही नाही. पण रेडिएटरच्या पोटात आधीपासून हवा बसलेली असते आणि ती निघाल्याशिवाय वाफेला शिरकाव नाही. म्हणून बाजूला एक सुपारीएवढी झडप असते. ती हवा सोडते आणि वाफेचा चटका बसला की आपोआप मिटते. एखादी खोली गारठलेलीच राहिली तर लोक बॉयलरच्या नावानं खडे फोडतात. बहुतेक वेळा चोर ही झडप असते. दर भाडेकरूगणिक चढलेल्या रंगानं तिचं बारीक भोक बुजून गेलेलं असतं. रेडिएटर थंड असताना ती फिरवून काढायची, नवी बसवायची, संपलं.

ठोके मात्र रास्त नाहीत. रेडिएटरला नळाच्या बाजूला किंचित उतार लागतो. शंभर वर्षांत लाकडी जमीन बसते, उतार फिरतो आणि पाणी तळाशी साचून राहतं. वर येणारी वाफ त्याच पाण्याला ढकलत नेऊन आदळते. लांबच्या पायांखाली लाकडाच्या पातळ चिपा सारल्या की निम्मी घरं शांत होतील. उरलेल्या निम्म्यांत कुणीतरी रेडिएटरच्या नळावरचा कॉक अर्धा फिरवून ठेवलेला असतो. खोली फार तापते म्हणून. अर्ध्या कॉकमधून वाफ आत घुसते, पण पाण्याला परतायला वाट उरत नाही. पूर्ण उघडा नाहीतर पूर्ण बंद करा. ‘थोडं तुमचं, थोडं आमचं’ इथे चालत नाही.

खोल्या इतक्या तापतात त्यालाही इतिहास आहे. 1918च्या फ्लूनंतर मोकळ्या हवेचं महत्त्व लोकांच्या मनावर ठसलं होतं. त्या काळच्या इंजिनियरांनी भर थंडीत खिडक्या उघड्या राहणार असं धरून रेडिएटर मापले. साथ गेली, रेडिएटर राहिले. भर जानेवारीत खिडकी उघडून बनियनवर बसलेला न्यूयॉर्ककर त्यामुळे दिसतो.

आमचे सासरे आले त्या वर्षी घर नीट तापत नव्हतं आणि बॉयलर सारखा चालू-बंद होत होता. सांगलीकडच्या साखर कारखान्यात, बॉयलर हाऊसमध्ये त्यांची नोकरी झालेली. स्वातंत्र्यदेवी राहिली बाजूला, ते थेट तळघरात उतरले. वाफेचा दाब दाखवणाऱ्या गेजचा काटा पाहून हसले.

“जावईबापू, दीड पौंड? यावर च्या तरी उकळतो का? आमच्याकडं पंचेचाळीस किलोचा होता.”

“आबा, प्रेशर वाढवू का मग?”

“छे! वाफ कमी न्हाई. पाणी मळलंय.”

बोट गेज ग्लासवर, म्हणजे बॉयलरमधल्या पाण्याची पातळी दाखवणाऱ्या काचेच्या नळीवर. काचेतलं पाणी एका जागी ठरत नव्हतं, बोटभर वर-खाली नाचत होतं आणि वर तेलकट कडं धरलेलं. नवे नळ जोडताना आत गेलेलं तेल पाण्यावर तरंगतं, मग पाणी फसफसून वाफेबरोबर नळांत चढतं. अशा वेळी प्रेशर वाढवलं तर गॅसचं बिल तेवढं वाढतं.

आबांनी उपडी बादली घेतली, तिच्यावर बसले आणि दुसरी बादली बॉयलरच्या वरच्या तोटीखाली ठेवली. खालून नवं पाणी इतकं हळू सोडलं की वरून पेन्सिलीएवढी धार यावी. घाई केली की तेल पाण्यात मिसळतं, वर राहत नाही. दुपार त्यात गेली. जेवणही खालीच पोचवावं लागलं. बादलीतल्या पाण्यावर आधी इंद्रधनुष्यी तवंग यायचा, संध्याकाळी तो यायचा थांबला. काचेतलं पाणीही ठरलं.

जाताना एक काम माझ्या गळ्यात घालून गेले. बॉयलरमधलं पाणी उतरलं की गॅस तोडणारा एक कट-ऑफ असतो. त्याच्या बुडात गाळ बसू नये म्हणून दर आठवड्याला त्यातून थोडं पाणी सोडायचं, गढूळपणा जाईपर्यंत. रविवारी सांगलीहून फोन येतो. लेक काय म्हणते, नातू काय म्हणतो, हे सगळं नंतर.

“बादली काढली का?”