वेंगुर्ल्याची कांदळवन सफर: आधी भरतीची वेळ बघा, मग बाकीचा प्लॅन

सिंधुदुर्ग म्हटलं की मालवण, स्कूबा, किल्ला आणि परत, असं बहुतेकांचं ठरलेलं असतं. आम्ही यावेळी वेंगुर्ल्याला मांडवी खाडीत कांदळवन सफर केली, म्हणजे खाडीतल्या खारफुटीच्या (मॅंग्रोव्ह) जंगलातून होडीने फेरी, आणि तुम्हीही त्यासाठी अर्धा दिवस काढाच. स्वामिनी बचत गटाच्या महिला २०१७ पासून ही सफर चालवतात, मच्छीमार घरातल्या आहेत, होडी स्वतः वल्हवतात, इंजिन नाही म्हणून आवाज नाही धूर नाही, आणि पैसे एजंटकडे न जाता गटाकडेच राहतात, मला हे सगळ्यात जास्त पटलं.

होडी मुळांच्या अगदी जवळून जाते. कांदळाची कमानीसारखी मुळं, त्यांना चिकटलेली कालवं, बाजूला तिवर या दुसऱ्या खारफुटीची चिखलातून वर आलेली श्वसनमुळं. ताईंनी एक लांब हिरवी शेंग दाखवली, ती शेंग नाहीच, झाडावरच रुजलेलं रोप आहे, खाली पडलं की तिथेच चिखलात रुततं नाहीतर पाण्याबरोबर वाहत जाऊन दुसरीकडे उगवतं. खंड्या दिसल्यावर पोरं ओरडायला लागली तर ताई म्हणाल्या, "गप रवा, उडान जातलो." कोळंबीची, कुर्ल्यांची, माशांची पिल्लं याच मुळांत वाढतात, कांदळ तोडलं की जाळ्यात मासा कमी येतो, हे त्या सांगतात तेव्हा ती पाठ केलेली माहिती वाटत नाही कारण घरची चूल त्याच्यावरच पेटते.

आता जाणाऱ्यांसाठी. कुडाळ किंवा सावंतवाडी स्टेशनला उतरा, पुढे एसटी, रिक्षा मिळते. सफरीची वेळ भरतीवर ठरते, म्हणून आधी फोन करून ती त्यांनाच विचारा, भरती रोज साधारण पन्नास मिनिटं पुढे सरकते, त्यामुळे कालची वेळ आज चालत नाही. टोपी, पाणी, दुर्बीण घ्या, लाइफ जॅकेट घालाच, वेफर्सची पाकिटं गाडीतच ठेवा. राहायला गावातलं घरगुती होमस्टे बघा आणि जेवणात पापलेटच पाहिजे असा हट्ट नको, त्या दिवशी बांगडा, तारली जे आलं असेल ते खा. जून-जुलैत मासेमारी बंदी असते, माशांच्या विणीचा काळ, तेव्हा ताज्या मासळीसाठी कोणाच्या मागे लागू नका. आणि हो, बेत रद्द झाला तर आठवणीने कळवा, तुमच्या वेळेसाठी या बायका घरची कामं उरकून खाडीवर येऊन थांबलेल्या असतात.