कांद्याची सालं

संक्रांत झाली की आमच्या स्वयंपाकघरात, दाराच्या कडीला, एक कागदी पिशवी लटकायला लागते. तिच्यात फक्त कांद्याची सालं. कांदा चिरायला घेतला की वरची कोरडी, कुरकुरीत सालं आधी पिशवीत आणि मग पुढचं सगळं. नवऱ्यानं आजवर दोनदा ती कचरा समजून खाली नेऊन टाकली आहे आणि दोन्ही वेळा त्याला डब्यातून परत काढून आणायला लावलं आहे.

आई निफाड तालुक्यातली. लासलगावच्या कांद्याच्या मुलखात कांद्याचं साल म्हणजे अंगणात उडणारा, केसांत अडकणारा, झाडून झाडून हात दुखवणारा पाचोळा. व्हिडिओ कॉलवर तिला ती पिशवी दिसली.

"काय गं, तिकडं कचऱ्याची गाडी येत नाही का?"

"अगं, अंडी रंगवायला ठेवलीत."

ती जरा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "अंडी कशाला रंगवायची?"

प्रश्न रास्तच होता. जर्मनीत, ड्रेस्डेनला, राहायला आलो तेव्हा मलाही तो पडला होता. ईस्टरच्या आधीचे चाळीस दिवस उपासाचे. पूर्वी त्यात अंडीही वर्ज्य असायची. पण उपास माणसांचा, कोंबड्यांचा नाही. त्या आपल्या घालतच राहायच्या. साठलेली अंडी उकडून ठेवायची, रंगवायची आणि उपास सुटला की वाटायची, इथवर माझ्या डोक्यात शिरलं. पुढं मात्र गाडी अडली, कारण जर्मनीत ही अंडी आणतो ससा. १६८२ साली एका वैद्यानं लिहिलेल्या प्रबंधात हा अंडीवाला ससा आहे, म्हणजे घोळ बराच जुना आहे. "ससा अंडी घालतो कुठून?" असं मुलानं विचारलं तेव्हा मी त्याला बाबांकडे पाठवून दिलं.

पहिल्या वर्षी दुकानातून रंगाच्या गोळ्या आणल्या. गोळी पाण्यात टाकायची, अंडं बुडवायचं, काढायचं. पाच मिनिटांत सहा अंडी झाली आणि सगळी आजारी दिसायला लागली. अंडी तपकिरी सालीची, त्यात निळा रंग, झालं भलतंच. शिवाय प्रत्येकावर तो लाल शिक्का तसाच. इथं अंड्यावर नंबर छापलेला असतो, पहिला आकडा कोंबडी कशी वाढवली ते सांगतो. शून्य म्हणजे सेंद्रिय, एक म्हणजे मोकळी हिंडणारी. माहिती उपयोगाची, पण सणाच्या अंड्यावर ती म्हणजे नव्या साडीवर किमतीची चिठ्ठी.

शेजारच्या आजींनी ती अंडी पाहिली आणि भिडस्तपणे म्हणाल्या, "छान आहेत." दुसऱ्या दिवशी त्या एक जुना पायमोजा घेऊन आल्या. नायलॉनचा, पातळ, एक धागा सुटलेला.

त्यांची पद्धत अशी. अंडी शक्यतो पांढरी घ्यायची. व्हिनेगरच्या बोळ्यानं पुसायची, त्यात शिक्काही बराचसा जातो. व्हिनेगर लागलं की सालीवर बारीक बुडबुडे येतात. साल चुन्याचीच, तिच्यावर आम्लाचा परिणाम होणारच आणि मग रंग नीट धरतो. अंड्यावर एक ओलं पान चिकटवायचं. आजी अजमोद्याचं घ्यायच्या, माझ्याकडे कोथिंबीर होती. पान बोटानं सपाट दाबायचं, एकही शीर वर राहता कामा नये. मग मोज्याचा तुकडा वरून ताणून मागं दोऱ्यानं गाठ मारायची. इतका ताण हवा की पानाला हलायला जागा उरू नये. मग आठ-दहा कांद्यांची सालं उकळून काढलेल्या, चमचाभर व्हिनेगर घातलेल्या पाण्यात ते गाठोडं सोडायचं आणि तिथंच शिजू द्यायचं.

दहा मिनिटांनी गाठ कापली, मोजा सोलला, पान चिमटीनं उचललं. गडद विटकरी रंगावर कोथिंबिरीचं पान, कातऱ्या-कातऱ्यांसकट, पांढरं. जिथं पान होतं तिथं रंग गेलाच नव्हता.

आजी वरून डुकराच्या चरबीचा तुकडा चोळून चकाकी आणतात. मी खोबरेल घेतलं. एप्रिलमधल्या थंडीत ते बाटलीत गोठलेलं असतं, नखानं खरवडून काढावं लागतं, पण चकाकी तीच.

तेव्हापासून गोळ्या बंद. हळद आहेच. हळदीच्या पाण्यातलं अंडं इतकं पिवळंधमक निघतं की हळदीला आलेल्या नवरीसारखं दिसतं आणि रंगवणाऱ्याची बोटंही तशीच. गंमत आहे लाल कोबीची. त्याचं पाणी जांभळं, अंडं घालताना वाटतं जांभळंच होणार. रात्रभर फ्रिजमध्ये ठेवलं की सकाळी निळं. हळदीचं पिवळं अंडं त्यात बुडवलं तर हिरवं. एवढं झाल्यावर दुकानात जाऊन हिरवी गोळी कोण आणेल?

ड्रेस्डेनहून आगगाडीनं तासाभरात बाउत्सेन येतं. तिथं सोर्ब लोक राहतात, जर्मनीतले स्लाव्ह भाषा बोलणारे. त्यांची अंडी पाहिली आणि माझी कोथिंबीर मुकाट्यानं मागं सरली. हंसाचं पीस घेतात, त्याच्या टोकाला कात्रीनं त्रिकोण कापतात. चमचा मेणबत्तीवर धरून मेण पातळ करतात, पिसाचं टोक त्यात बुडवून अंड्यावर टेकवतात. टेकवलं की एक त्रिकोण. त्याच्याशेजारी दुसरा, मग गोल फिरून रांग. त्यांना ते लांडग्याचे दात म्हणतात, दृष्ट लागू नये म्हणून. मग रंगात बुडवायचं, पुन्हा मेण, पुन्हा गडद रंग. शेवटी अंडं ज्योतीच्या बाजूला धरायचं, वर धरलं तर काजळी बसते. मेण पाघळलं की मऊ कापडानं पुसायचं आणि खालचे दडवलेले रंग उघडे पडतात.

माझ्या हातून मेणाचे त्रिकोण नव्हे, थेंबच पडले. पण तिथंच दुसरी एक तऱ्हा पाहिली. गडद रंगवलेलं अंडं टोकदार हत्यारानं खरवडायचं, म्हणजे पांढरी रेघ उमटते. घरी येऊन मुलाच्या कंपासपेटीतलं कर्कटक घेतलं आणि कांद्याच्या रंगातल्या अंड्यावर टोकाला टोक लावून दोन त्रिकोण खरवडले. वर एक टिकली, खाली दोन काड्या. बघते तर वारली माणूस! गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठानं काढलेला असतो अगदी तसा. मग तारपा वाजवणारा आला, त्याच्याभोवती नाचणारे आले. अंडं गोल असल्यामुळे फेर आपोआप पुरा झाला. ही माझी एकमेव थोर कलाकृती.

झाडाला टांगायची अंडी मात्र पोकळ लागतात. दोन्ही टोकांना सुईनं भोक पाडायचं, एक जरा मोठं, आणि गाल दुखेस्तोवर फुंकायचं. टांगायची युक्ती मला फार आवडते. काडेपेटीच्या अर्ध्या काडीला मधोमध दोरा बांधायचा, काडी भोकातून उभी आत सोडायची आणि दोरा ओढायचा. काडी आत आडवी होते, अडकते. जर्मनीतल्याच झालफेल्ड गावात एका आजोबांनी १९६५ साली बागेतल्या सफरचंदाच्या झाडाला १८ अंडी टांगली होती. २०१२ पर्यंत ती १० हजारांच्या घरात गेली. आमची पाच आहेत, बर्चच्या फांदीवर. पाच फुंकली त्या रात्री सगळ्यांना भुर्जी आणि सकाळीही भुर्जी. त्या आजोबांच्या घरच्यांचं मला राहून राहून वाटतं.

रविवारी टिचवाटिचवी होते. एकानं अंडं धरायचं, दुसऱ्यानं आपल्याचं टोक त्यावर मारायचं, ज्याचं फुटलं तो हरला. मुलानं माझ्या तारपावाल्याकडे हात नेला तेव्हा मी, मोठं माणूस असून, ते अंडं पदराआड, म्हणजे स्वेटरआड, लपवलं. फुटलेल्यांचा सोमवारी रस्सा. रंगवतानाच जिथं तडा गेला होता तिथून रंग आत उतरलेला, त्यामुळे पांढऱ्यावर निळ्या शिरा. नवऱ्यानं एक अंडं उलटंपालटं करून पाहिलं आणि निमूटपणे खाल्लं.

जेवताना आईचा फोन आला. तिला तारपावाला दाखवला. चष्मा पुसून तिनं पुन्हा पाहिला.

"हा रंग कांद्याच्या सालांचा?"

"हो."

"उन्हाळ कांद्याची चालतात का? आत्ता तीच आहेत," असं म्हणून तिनं फोन अंगणाकडे वळवला. ओट्यापासून फाटकापर्यंत सालंच सालं, वाऱ्यानं नुसती गोल गोल फिरत होती.