डीसी मोटरचं मॉडेल: एका ‘आर’पायी गेलेले दोन दिवस

डीसी मोटरचा आर्मेचर रेझिस्टन्स (फिरणाऱ्या भागावरच्या गुंडाळीचा रोध, म्हणजेच ‘आर’) मल्टिमीटरने मोजू नका. हे आधीच सांगून टाकतो, माझे दोन दिवस त्यातच गेले.

नाशिकच्या अंबड एमआयडीसीतल्या शेडमध्ये २४ व्होल्टची, ब्रशवाली, परमनंट मॅग्नेट मोटर होती. तिच्या मॉडेलची समीकरणं दोनच. त्यात एल म्हणजे गुंडाळीचा इंडक्टन्स, के मोटरचा स्थिरांक, जे फिरणाऱ्या भागाचं जडत्व आणि बी वेगाबरोबर वाढणाऱ्या घर्षणाचा गुणांक. व्होल्टेज = एल × करंट बदलण्याचा दर + आर × करंट + के × वेग. दुसरं, के × करंट = जे × वेग बदलण्याचा दर + बी × वेग. लाप्लास ट्रान्सफॉर्म घेतला (एस हा त्यातला चल) की वेग/व्होल्टेज = के / [(एल·एस + आर)(जे·एस + बी) + के²]. इथवर दहा मिनिटं.

मल्टिमीटर २.५ ओहम म्हणाला. शाफ्ट जरा फिरवला की ३.१, मग १.९. मी २.५ धरून चाललो. मॉडेलप्रमाणे सुरुवातीचा करंट १० अँपिअरच्या आत. प्रत्यक्षात १५ अँपिअरचा एसएमपीएस (मोटरला वीज देणारा पॉवर सप्लाय) दर वेळी ट्रिप. तो बदलायलाच निघालो होतो, आणि दोष त्याचा नव्हताच.

मल्टिमीटर अगदी थोडा करंट सोडतो. तेवढ्याला ब्रश आणि कम्युटेटर (ब्रश ज्यावर घासतात ते शाफ्टवरचं तांब्याचं कडं) यांमधला थर भलताच रेझिस्टन्स दाखवतो, वर मीटरच्या वायरींचा वेगळा. म्हणून शाफ्ट जाम करा, बेंच सप्लायने आधी १, मग ३ अँपिअर सोडा आणि व्होल्टेज थेट मोटरच्या टर्मिनलवर मोजा. मला १.९ आणि ४.३ व्होल्ट मिळाले. फरक २.४ भागिले २, म्हणजे १.२ ओहम. उरलेला ०.७ व्होल्ट ब्रशचा ड्रॉप, तो आरमध्ये मिसळायचा नाही. शाफ्टच्या आठ-दहा जागांवर हेच करून सरासरी घ्या. दर वेळी चार-पाच सेकंदांत सप्लाय बंद. तांबं ५० अंशांनी तापलं की १.२ चे १.४३ होतात.

आता सुरुवातीचा करंट (२४ − ०.७)/१.२, म्हणजे १९.४ अँपिअर. एसएमपीएस ट्रिप होणारच! म्हणूनच स्टेप टेस्ट (व्होल्टेज एकदम देऊन वेग कसा चढतो ते पाहणं) १२ व्होल्टवर घ्या. सप्लायने करंट अडवला तर ती स्टेप राहतच नाही.

के साठी ड्रिल मशीनने शाफ्ट फिरवला: १५०० आरपीएमला ११.४ व्होल्ट, म्हणजे ०.०७२६. आरपीएमचं रेडियन प्रति सेकंद करायला विसरू नका. डेटाशीटवर हाच आकडा ‘१००० आरपीएमला ७.६ व्होल्ट’ असा होता.

बी काढताना नो-लोड करंट (शाफ्टला काही न जोडता मोटर घेते तो) दोन व्होल्टेजना घ्या. १२ ला ०.३५, २४ ला ०.४० अँपिअर. वेग दुप्पट होऊनही करंट जेमतेम वाढला, म्हणजे घर्षण बहुतेक कोरडं, वेगाबरोबर न वाढणारं आहे आणि खरा बी फक्त ०.००००२२. जानेवारीतल्या नाशिकच्या सकाळी ग्रीस घट्ट असतं, तेव्हा मोटर दहा मिनिटं चालवूनच आकडे लिहा.

स्टेपमधला ३० मिलिसेकंदांचा टाइम कॉन्स्टंट (वेग शेवटच्या वेगाच्या ६३ टक्क्यांवर पोचायला लागलेला वेळ) धरून जे आला ०.०००१३२. पडताळा सोपा: पूर्ण वेगात टर्मिनल उघडी सोडली, तर या आकड्यांनी मोटर साधारण १.६ सेकंदांत थांबायला हवी. थांबली.