तुम्ही विचारलंत म्हणून: रॉय जोन्स परत खाली आला नसता तर?

रॉय जोन्स ज्युनियर या अमेरिकी बॉक्सरचा विषय निघाला की पाच मिनिटांत हा प्रश्न येतोच: "हेवीवेटचा पट्टा जिंकल्यावर परत खालच्या गटात आला नसता तर टिकला असता ना?" 2024 मध्ये पॅरिसला विनेश फोगाट 100 ग्रॅमसाठी बाद झाली, तेव्हापासून तर लोक विचारत नाहीत, सांगतातच. वजन उतरवलं, शरीर खलास झालं, अँटोनियो टार्व्हरने पाडलं, संपलं. माझ्याकडून फक्त होकार हवा असतो. तो मला देता येत नाही आणि साफ नाकारताही येत नाही, कारण यातलं अर्धं खरं आहे. उरलेल्या अर्ध्यासाठी हे लिहितोय.

सोल ऑलिंपिक 1988, अंतिम लढत, पार्क सी-हुनच्या बाजूने गेलेला तो 3-2 चा निकाल हे तुम्हाला पाठ असतं, तेव्हा ते नको. पट्ट्यांचा, म्हणजे अजिंक्यपदांचा, क्रमही एका दमात: 1993 मध्ये बर्नार्ड हॉपकिन्सला हरवून 160 पौंडांचा मिडलवेट, 1994 मध्ये जेम्स टोनीला हरवून 168 चा सुपर मिडलवेट, मग 175 चा लाइट हेवीवेट आणि 1 मार्च 2003 ला लास व्हेगासमध्ये जॉन रुईझला हरवून हेवीवेट, ज्याला वरची मर्यादाच नाही. मिडलवेटचा माजी विजेता हेवीवेटचा विजेता झाला, हे 1897 च्या बॉब फिट्झसिमन्सनंतर पहिल्यांदाच घडलं.

आता वजनाचं. 160 वरून 168, तिथून 175 हा प्रवास ऐकायला मोठा वाटतो, पण त्यात वजन वाढवण्याचा भाग फार थोडा असतो. व्यावसायिक बॉक्सर एरवी आपल्या गटाच्या मर्यादेपेक्षा बराच जड असतो. लढतीच्या आदल्या दिवशी काट्यावर उभं राहण्यापुरता तो खाली येतो आणि रिंगमध्ये शिरेपर्यंत पुन्हा भरतो. वरच्या गटात जाणं म्हणजे बहुतेकदा कमी उतरवणं. चोविशीतला मुलगा सत्ताविशीत अंगाने भरला की 160 गाठणं जिवावर येतं, 175 सोसतं. या एका दिवसाच्या फटीचा किती फायदा घेता येतो हे फेब्रुवारी 2000 मध्ये न्यूयॉर्कला दिसलं. आर्टुरो गॅटी आणि जोई गमाश 141 पौंडांच्या करारावर लढले, पण लढतीच्या रात्री गॅटी 160 च्या आसपास होता आणि गमाश 145 च्या. दुसऱ्या फेरीत गमाश बेशुद्ध पडला, मेंदूला इजा झाली, कारकीर्द तिथेच थांबली. आयबीएफ ही बॉक्सिंग संघटना वर्षानुवर्षं आपल्या अजिंक्यपदाच्या लढतींना दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा वजन घेत आली आणि मर्यादेपेक्षा 10 पौंडांवर जाऊ देत नसे, ते याच फटीसाठी.

रुईझविरुद्धची गोष्ट मात्र निराळी होती. तिथे खरोखरच वजन चढवलं गेलं. जोन्स काट्यावर 193 भरला, रुईझ 226. तेव्हा हेवीवेटच्या लगेच खालच्या क्रूझरवेट गटाची मर्यादा 190 होती, म्हणजे जोन्स हेवीवेटमध्ये जेमतेम तीन पौंडांनी शिरला होता. हे काम मॅकी शिलस्टोन या प्रशिक्षकाने केलं. 1985 मध्ये हेवीवेट विजेत्या लॅरी होम्सला हरवायला मायकल स्पिंक्सला 175 वरून 200 वर नेणारा तोच. असं वजन चढवताना आठवड्याला पाव ते अर्धा किलोपेक्षा जास्त वाढवलं तर त्यात चरबीच जास्त येते. वजन उचलायचं तेही जड आणि झटक्याने, फुगवण्यासाठी नाही. नाहीतर खांदे सहाव्या फेरीपर्यंत शिसं होतात आणि जादा स्नायूला पुरवायला दम उरत नाही. जोन्सने ही अडचण प्रतिस्पर्धी निवडून सोडवली. रुईझ संथ होता, जॅब (पुढच्या हाताचा सरळ फटका) टाकून मिठी मारणारा. जोन्सने मोजके पंच टाकले, रिंगच्या मध्यावर उभा राहिला आणि 116-112, 117-111, 118-110 अशा तिन्ही परीक्षकांच्या गुणांवर आरामात जिंकला.

मग खाली येणं. शरीरातून वजन तीन ठिकाणांहून निघतं आणि तिन्हींचा हिशेब वेगळा. पाणी: शेवटच्या आठवड्यात मीठ आणि पिष्टान्न कमी केलं, घाम गाळला की तीन-चार किलो जातात. ग्लायकोजेनच्या, म्हणजे शरीरात साठवलेल्या साखरेच्या, प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी धरलेलं असतं, ते सुटतं. यातलं बरंचसं एका दिवसात परत येतं, सगळं नाही. चरबी: आठवड्याला अर्धा-पाऊण किलो या चालीने गेली तर ताकदीला धक्का लागत नाही. तिसरा स्नायू आणि इथेच घोळ होतो. जोन्स 193 लाही तासलेला होता. 175 ला परतायला 18 पौंड उतरवायचे आणि त्याच्या अंगावर तेवढी चरबी नव्हतीच. म्हणजे स्नायू घालवणं भाग होतं आणि स्नायू घालवायची रीत एकच: कमी खा, जास्त पळा. पण शरीर नेमका तुम्ही चढवलेलाच स्नायू परत देत नाही. आधीपासूनच्या पायातूनही घेतं, पाठीतूनही घेतं. आणि जोन्सचं सगळं दुकान पायांवर होतं.

8 नोव्हेंबर 2003 ला जोन्स 175 ला परतून टार्व्हरशी पहिल्यांदा लढला. 1 मार्च ते 8 नोव्हेंबर म्हणजे 36 आठवडे. 18 पौंडांना भागा, आठवड्याला अर्धा पौंड येतो. कागदावर ही चाल अगदी सौम्य आहे आणि वजनाचा काही संबंधच नव्हता म्हणणारे हाच भागाकार पुढे करतात. पण रुईझनंतर हेवीवेटमधल्या आणखी मोठ्या लढतीची चर्चा चालूच राहिली होती. ती आशा असताना कोणी मार्चपासून खाली यायला लागत नाही. उतरवणं शेवटच्या टप्प्यात साठतं.

नोव्हेंबरची ती पहिली लढत लोक पाहत नाहीत ही माझी खरी तक्रार आहे. सगळ्यांच्या डोळ्यांसमोर पुढच्या मे महिन्यातल्या दुसऱ्या लढतीची दुसरी फेरी असते. नोव्हेंबरमध्ये जोन्स जिंकला होता: 114-114, 116-112, 117-111. पण मधल्या फेऱ्या बघा. दोरांना पाठ टेकलेली, दोन्ही हात वर, टार्व्हर समोर उभा राहून कामगारासारखा मारतोय. तोंड उघडं. हा तोच माणूस, ज्याने 1995 मध्ये एका अख्ख्या फेरीत विनी पॅझिएन्झाचा एकही पंच अंगाला लागू दिला नव्हता. त्याला पूर्वी दोर लागत नसत. तो रिंगच्या मध्यावर हात खाली सोडून उभा राहायचा, कारण निघून जायला पाय होते. वजनाचा परिणाम कुठे दिसतो विचाराल तर मी ही लढत दाखवेन.

15 मे 2004. पुन्हा टार्व्हर, पुन्हा लास व्हेगासचं मँडले बे. रेफरी जे नेडी सूचना देऊन काही प्रश्न आहेत का म्हणाला, तर टार्व्हरने विचारलं, "आज रात्री काही सबब आहे का, रॉय?" पहिली फेरी जोन्सची. चपळ, ताजा, नोव्हेंबरपेक्षा कितीतरी बरा. आणि लक्षात घ्या, या वेळी त्याला हेवीवेटवरून उतरायचं नव्हतं. मधले सहा महिने तो याच गटाचा होता.

दुसऱ्या फेरीत जोन्स उजवा घेऊन आत गेला. टार्व्हर डावखुरा. उजव्या हाताचा बॉक्सर डावखुऱ्यासमोर उभा राहिला की दोघांचे पुढचे पाय एकमेकांसमोर येतात आणि मागचे जड हात दोघांच्याही उघड्या बाजूला. अशा वेळी उजवा टाकायचा तर पुढचा पाय समोरच्याच्या पायाबाहेर हवा आणि डोकं मधल्या रेषेवरून बाजूला गेलेलं हवं. हात परत येईपर्यंत उजव्या जबड्याला काही राखण नसते, म्हणून डोकं हीच राखण. जोन्सने हे बारा-पंधरा वर्षं केलंच नव्हतं. त्याला गरज पडली नव्हती. डोकं रेषेवर, डावा हात कमरेशी, हनुवटी उघडी आणि पंच टाकून झाल्यावर मागे सरकायचं तेही सरळ. चुका एकूण एक पुस्तकी आणि त्या सगळ्या वेगाने झाकलेल्या. त्या क्षणी दोघांनी एकदमच हात सोडले. जोन्सचा उजवा गेला आणि टार्व्हरचा डावा त्यावरून येऊन हनुवटीवर बसला. जोन्स खांद्यावर आडवा पडला. उठला, पण पाय ताब्यात नव्हते. नेडीने लढत थांबवली. फेरीची एक मिनिट 41 सेकंदं झाली होती.

आता सांगा, यात वजन कुठे आहे?

हा प्रश्न मी बरीच वर्षं असाच विचारत आलो आणि समोरचा गप्प बसला की मला बरं वाटायचं. पस्तिशीतला माणूस, प्रतिक्षिप्त वेगावर उभी असलेली शैली, त्या वेगातला एक दशांश सेकंद कमी झाला आणि उघडी हनुवटी सापडली. वय, वजन नव्हे. आजही माझा कल तिकडेच आहे. पण माझ्याच युक्तिवादातलं एक भोक मला बुजवता येत नाही. तो दशांश सेकंद गेला कधी? मार्च 2003 पर्यंत तो होता, हे रुईझच्या लढतीत दिसतं. नोव्हेंबरमध्ये नव्हता. आठ महिन्यांत वय एवढं धावत नाही. आणि स्नायू गमावून खाली आलेलं पस्तिशीतलं शरीर सहा महिन्यांत पूर्ववत होतं, असं मला छातीठोकपणे म्हणता येत नाही. उलट बाजूने, रुईझ इतका संथ होता की त्याच्यासमोर दशांश सेकंद असला काय, नसला काय, कळलंच नसतं. मग मार्चमध्ये तो होता हे तरी कशावरून? या दोन वाक्यांत मी अडकून आहे.

तुमच्या बाजूला पुरावा नाही असं नाही. ख्रिस बर्ड हेवीवेटचा विजेता राहिलेला, बचावात अत्यंत हुशार. तो 2008 मध्ये थेट 175 ला उतरला आणि शॉन जॉर्जने त्याला नवव्या फेरीत संपवलं. त्याहून बोलका टार्व्हर स्वतः. एका हॉलीवूडपटात हेवीवेट विजेत्याची भूमिका करण्यासाठी त्याने भरपूर वजन चढवलं, मग उतरवून जून 2006 मध्ये हॉपकिन्सशी लढला. एकेचाळीस वर्षांचा हॉपकिन्स मिडलवेटमधून वर आला होता. तिन्ही परीक्षकांनी हॉपकिन्सला 118-109 दिले. टार्व्हर जड पावलांनी रात्रभर त्याच्या मागे फिरत राहिला. आणि हॉपकिन्सला वर नेणारा कोण? पुन्हा मॅकी शिलस्टोनच. चढवायची विद्या त्याने तीनदा सिद्ध केली. उतरवायची विद्या तितक्या खात्रीची कुणाकडे आहे असं मला दिसत नाही. फिट्झसिमन्सचं उदाहरण कोणी देतं, की त्याने हेवीवेटनंतर 1903 मध्ये चाळिशीत लाइट हेवीवेटही जिंकलं. खरं आहे, पण तो हेवीवेट जिंकतानाच 167 पौंडांच्या आसपास होता. त्याला उतरवायचं काही नव्हतंच.

पण एक गोष्ट मी सोडणार नाही. "वरच राहिला असता तर टिकला असता" हे म्हणताना वर कोण होतं ते बघा. रुईझनंतर चार महिन्यांच्या आत लेनॉक्स लुइस आणि व्हिताली क्लिच्को लढले. लुइस 256 पौंड, क्लिच्को 248. त्यांच्यासमोर 193 चा जोन्स? स्पिंक्स होम्सनंतर खाली आला नाही, वरच राहिला. 1988 मध्ये टायसनने त्याला 91 सेकंदांत झोपवलं. वर राहणं ही सुरक्षित जागा नव्हती. सुरक्षित एकच होतं, मार्च 2003 ला हातमोजे काढून ठेवणं, आणि ते कोणी विचारत नाही.

आणि वजनाची सूट द्यायचीच तर सगळ्यांना द्या. 1994 ला टोनी वजन उतरवून कोरडा पडून रिंगमध्ये आला होता. त्या रात्रीचा जोन्स तुम्ही आजही अजोड म्हणून सांगता. टोनीच्या वजनासाठी त्यातून काही वजा केल्याचं मी ऐकलेलं नाही. मग टार्व्हरच्या डाव्या हातातून एवढं वजा का?

सप्टेंबर 2004 मध्ये मेम्फिसला ग्लेन जॉन्सनने जोन्सला नवव्या फेरीत पाडलं आणि तो कितीतरी मिनिटं कॅनव्हासवर पडून होता. जॉन्सन काही एका फटक्यात पाडणारा नव्हे, सतत अंगावर येणारा. चार महिन्यांपूर्वी बेशुद्धीच्या काठावर गेलेल्या माणसाला इतक्या लवकर परत उभं करायला नको होतं. पुढे 2009 ला सिडनीत डॅनी ग्रीनने पहिल्याच फेरीत, 2011 ला मॉस्कोत लेबेदेवने दहाव्या फेरीत आणि 2015 ला तिथेच मॅकरिनेलीने त्याला संपवलं. या तिन्ही लढती क्रूझरवेटच्या आसपासच्या, म्हणजे जिथे त्याला उपाशी राहायची वेळ नव्हती. तुमच्या म्हणण्याप्रमाणे तिथे तो सुरक्षित असायला हवा होता.

पुढच्या वेळी विचाराल तेव्हा एवढं करा: नोव्हेंबर 2003 च्या लढतीच्या शेवटच्या दोन फेऱ्या आधी बघा. मधल्या फेऱ्या दोरांवर काढलेला माणूस तिथे पुन्हा पुढे येतो, झडी लावतो आणि लढत आपल्याकडे ओढतो. वजनाने पाय संपले होते, तर हे पाय कुठून आले? आणि नव्हते संपले, तर आधीच्या फेऱ्यांत ते का हलत नव्हते? याचं उत्तर कोणी दिलं तर मी माझं म्हणणं बदलायला तयार आहे.